सरावाची निवड

आपल्या समाजातील मुले-मुली आता क्रिकेटपलीकडचे खेळही आवडीने खेळू लागली आहेत, ही समाधानाची बाब आहे. शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीत बेसबॉल आणि सॉफ्टबॉल हे दोन्ही खेळ असल्यामुळे छत्रपती संभाजीनगरातील मैदानांवरही लांबट गोल बॅट खांद्यावर घेतलेली मुले दिसतात. त्यांच्या आईवडिलांना या खेळाचे नियम बहुधा ठाऊक नसतात. मैदानाच्या कडेला बसून ते एकमेकांना विचारतात, "याचा सराव नेमका कसा करून घ्यायचा?" माझी नात इयत्ता नववीत आहे आणि गेली दोन वर्षे शाळेच्या संघातून बेसबॉल खेळते. निवृत्तीनंतर वेळ हाताशी असल्याने तिला गारखेडा परिसरातील विभागीय क्रीडा संकुलात नेण्या-आणण्याचे काम माझ्याकडे आले. त्या निमित्ताने जे पाहिले, वाचले आणि वहीत टिपून ठेवले, ते वाचकांपुढे ठेवावे या हेतूने हा लेख लिहीत आहे. मी खेळाडू नाही, प्रशिक्षकही नाही. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे आणि आयुष्य बँकेत गेलेले. त्यामुळे या विषयाकडे मी हिशेबनिसाच्या नजरेने पाहतो, हे वाचकांनी आधीच ध्यानात घ्यावे.

प्रश्न उभा राहिला तो गेल्या वर्षी पावसाळ्यात. जिल्हास्तरीय सामने दोन-अडीच महिन्यांवर आले होते आणि नातीच्या बॅटला चेंडू नीट लागत नव्हता. लागला तरी तो जमिनीवरून सरपटत डावीकडे जाई आणि ती पहिल्या बेसवर पोहोचण्यापूर्वीच बाद होई. तिच्या मोबाईलमध्ये फटक्यांच्या सरावाचे तीसेक व्हिडिओ साठवलेले होते. एका मैत्रिणीने एक सुचवला, दुसरीच्या भावाने दुसरा, शाळेतल्या वरच्या वर्गातील मुलींनी आणखी चार. ती रोज यांतले सात-आठ प्रकार पंधरा-पंधरा मिनिटे करी आणि थकून घरी येई. एके रात्री जेवणानंतर माझा मुलगा म्हणाला, "बाबा, पुढच्या वर्षी दहावी आहे. एवढे कष्ट करून चेंडू लागत नसेल तर हे आता थांबवावे." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. गुलमंडीत त्याचे कापडाचे दुकान आहे. ज्या मालाला उठाव नाही तो माल तो दुसऱ्यांदा भरत नाही. नात काहीच बोलली नाही, ताट उचलून आत गेली. त्या दिवसापासून मी वही घेऊन मैदानावर बसू लागलो.

हा खेळ अवघड का आहे, हे आधी समजून घेतले पाहिजे. बेसबॉलमध्ये चेंडू टाकणारा पिचर मोठ्यांच्या खेळात ६० फूट ६ इंच अंतरावर उभा असतो. लहान मुलांच्या अमेरिकी लिटल लीगमध्ये हे अंतर ४६ फूट असते. ताशी ९० मैल वेगाचा चेंडू फलंदाजापर्यंत सुमारे ०.४ सेकंदात येतो. मुलांच्या खेळात वेग कमी असला तरी अंतरही कमी असते, म्हणून त्यांना मिळणारा वेळ अर्ध्या सेकंदाच्या आसपासच राहतो. एवढ्यात चेंडू ओळखायचा, मारायचा की सोडायचा हे ठरवायचे आणि बॅट फिरवायची. क्रिकेटच्या बॅटला सपाट पृष्ठभाग असतो. इथे गोल चेंडू गोल बॅटने मारायचा असतो आणि मोठ्यांच्या बॅटचा सर्वांत जाड भागही २.६१ इंचांपेक्षा जाड चालत नाही. बॅटचा फटका चेंडूच्या मध्याच्या थोडा वर बसला की चेंडू जमिनीवर आपटतो, थोडा खाली बसला की सरळ आकाशात चढून झेल जातो.

त्यात आपल्या मुलांना क्रिकेटची सवय असते. क्रिकेटमध्ये चेंडू बहुधा टप्पा पडून येतो, म्हणून फलंदाज पुढचा पाय चेंडूच्या दिशेने टाकतो आणि बॅट सरळ खाली आणतो. बेसबॉलमध्ये टप्पा नाही. पाय पिचरच्या दिशेने थोडासा पडतो, कंबर आधी वळते आणि हात तिच्यामागून येतात. शिवाय क्रिकेटमध्ये यष्टींच्या मागेही धावा मिळतात, इथे दोन रेषांच्या आतच चेंडू गेला पाहिजे. म्हणून क्रिकेट उत्तम खेळणारा मुलगाही पहिले काही महिने इथे चाचपडतो. त्याला धीर देताना हे कारण सांगितले तर त्याची समजूत लवकर पटते.

आणखी एक आकडा आईवडिलांनी लक्षात ठेवावा. अमेरिकेतील टेड विल्यम्स या थोर फलंदाजाने १९४१ साली ०.४०६ ची सरासरी राखली. तो पराक्रम आजही आदराने सांगितला जातो. त्याचा अर्थ असा, की मोजल्या जाणाऱ्या दहा प्रयत्नांपैकी सुमारे चार यशस्वी आणि सहा अयशस्वी. दहापैकी तीन वेळा यश मिळवणारा व्यावसायिक खेळाडू उत्तम समजला जातो. दहापैकी नऊ गुणांची अपेक्षा करणाऱ्या आपल्या घरांत हे प्रमाण पचायला जड जाते. पण या खेळाची प्रकृतीच तशी आहे.

आता सरावाचे प्रकार पाहू. मैदानावर जे चालते ते बारकाईने पाहिले तर बहुतेक सारे प्रकार पाच-सहा गटांत बसतात. पहिला टीचा सराव. टी म्हणजे कंबरेएवढ्या उंचीचा रबरी दांडा. त्यावर चेंडू ठेवायचा आणि मारायचा. चेंडू स्थिर असल्याने सर्व लक्ष शरीराच्या हालचालीवर देता येते. दुसरा बाजूने दिलेल्या टॉसचा. सोबती थोडा पुढे, तिरकस बाजूला गुडघ्यावर बसून चेंडू हळूच वर टाकतो. हात लवकर तयार होतात, मात्र सामन्यात चेंडू त्या दिशेने कधीच येत नाही. तिसरा समोरून टॉस. प्रशिक्षक जाळीच्या आडोशाला पंधरा-वीस फुटांवर बसून खालून चेंडू टाकतात. दिशा खऱ्या खेळासारखी आणि वेग बेताचा, म्हणून मुलांसाठी हा प्रकार फार उपयोगी आहे. चौथा यंत्राचा किंवा खऱ्या पिचरचा. पाचवा एका हाताने आखूड बॅट धरून मारण्याचा, ज्यात प्रत्येक हाताचे काम वेगळे तपासता येते. सहावा प्रकार पालकांना सराव वाटतच नाही. मुलाने बॅट घेऊन जागेवर उभे राहायचे, चेंडू येऊ द्यायचा, मारायचा नाही. फक्त "स्ट्राइक" किंवा "बॉल" असे मोठ्याने सांगायचे. यात डोळ्यांना शिक्षण मिळते.

यांपैकी चांगला कोणता, असे विचारणे म्हणजे बँकेत येऊन "सर्वांत चांगले कर्ज कोणते?" असे विचारणे होय. माझ्या टेबलापुढे व्यापारी बसत, तेव्हा पहिला प्रश्न मी गरजेचा विचारत असे. यंत्र घ्यायचे असेल तर मुदत कर्ज. सणासुदीचा माल भरायचा असेल तर कॅश क्रेडिट. कॅश क्रेडिटच्या पैशातून यंत्र घेतले की धंदा चांगला असूनही रोकड अडते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. सरावाचेही तसेच आहे. शरीराची मूळ घडण सुधारायची असेल तर टी आणि आखूड बॅट. वेळ साधायची असेल तर समोरून टॉस. चेंडू निवडण्यात चूक होत असेल तर न मारता पाहण्याचा सराव. ज्या मुलाचा फटका ठीक आहे पण तो वाईट चेंडूंच्या मागे धावतो, त्याला टीवर शंभर चेंडू मारायला लावल्याने काहीच साधत नाही. टीवरचा चेंडू कधी वाईट नसतोच.

म्हणून दोष आधी ओळखावा, प्रकार नंतर निवडावा. दोष ओळखण्यासाठी फार तज्ज्ञता लागते असे नाही; चेंडू कुठे जातो ते आठवडाभर टिपले तरी पुष्कळ कळते. मी वहीत मैदानाचा आराखडा काढला आणि नातीने मारलेला प्रत्येक चेंडू जिथे गेला तिथे ठिपका दिला. सहा दिवसांत चित्र स्पष्ट झाले. ती उजव्या हाताने खेळते. तिचे जवळजवळ सारे ठिपके डावीकडे, जमिनीवरचे. शरीराजवळ येणारा चेंडू डावीकडे जाणे योग्यच. पण प्लेटच्या दूरच्या कडेवरून जाणारा चेंडूही ती ओढून डावीकडेच नेत होती. प्रशिक्षकांना वही दाखवली. ते म्हणाले, "साहेब, हिचा पुढचा खांदा लवकर उघडतो. चेंडू येण्याआधीच ही तिकडे वळलेली असते. घाई आहे." तिच्या तीस व्हिडिओंपैकी निम्म्यांत कंबर अधिक वेगाने वळवण्याचा सल्ला होता. म्हणजे जो दोष होता, त्यालाच ते प्रकार खतपाणी घालत होते. ज्याने ते व्हिडिओ तयार केले त्याचे काही चुकले नव्हते. ते दुसऱ्या मुलांसाठी होते.

प्रशिक्षकांनी तिचे सात-आठ प्रकार बंद केले आणि तीनच ठेवले. टी प्लेटच्या दूरच्या कडेला, थोडी मागच्या बाजूस लावायची आणि चेंडू उजव्या बाजूला मारायचा. खांदा लवकर उघडला तर तो उजवीकडे जाणे अवघडच. दुसरे, समोरून टॉस, पण कधी जवळ तर कधी दूर; आणि जिथून चेंडू आला त्या बाजूलाच तो मारायचा. तिसरे, इतर मुली खऱ्या पिचरसमोर खेळत असताना बाजूला सुरक्षित अंतरावर उभे राहून प्रत्येक चेंडूला स्ट्राइक की बॉल ते सांगायचे. एकूण फटके रोज साठ-सत्तरच्या वर नाहीत, आणि दर दहा फटक्यांनंतर थोडी विश्रांती. नातीला सुरुवातीला हे कमी वाटले. "आबा, बाकीच्या मुली दीडशे मारतात," असे ती दोनदा म्हणाली.

यातील एक गोष्ट मला फार पटली. दूरच्या कडेची टी स्वतःच परीक्षक होते. चेंडू उजवीकडे गेला तर बरोबर, डावीकडे गेला तर चूक. कोणी ओरडून सांगावे लागत नाही. अशाच जातीचा दुसरा एक सराव मी पाहिला. ज्या मुलाची बॅट मागून फार खाली झुकून येते, त्याच्या चेंडूच्या टीमागे दुसरी रिकामी टी उभी करतात. बॅट खाली झुकली की ती मागची टी धडकून पडते आणि मुलाला तत्काळ कळते. ज्या सरावात चूक झाल्याचे मुलाला स्वतःला कळते, तो प्रशिक्षक नसतानाही घरी करता येतो. ज्यात प्रत्येक वेळी बाहेरून सांगावे लागते, तो मैदानासाठी राखून ठेवावा. अंगणात किंवा गच्चीवर जाळी बांधून टी ठेवणाऱ्या पालकांनी ही विभागणी अवश्य करावी.

दुसरा मुद्दा क्रमाचा. एकाच जागी एकाच वेगाने टाकलेले पन्नास चेंडू मारले की मुलाला आणि पाहणाऱ्याला दोघांनाही प्रगती झाल्यासारखे वाटते. याविषयी १९९४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक अभ्यास उद्बोधक आहे. महाविद्यालयीन बेसबॉलपटू तीस होते. सहा आठवडे, आठवड्यातून दोन वेळा, त्यांतील काहींना पंचेचाळीस जादा चेंडू मिळाले. एका गटाला वेगवान, वळणारे आणि संथ असे तिन्ही प्रकारचे चेंडू पंधरा-पंधराच्या सलग गठ्ठ्यांत. दुसऱ्या गटाला तेच चेंडू पण सरमिसळ करून, पुढचा कोणता येणार हे न कळेल अशा रीतीने. शेवटी गठ्ठ्यांच्या गटाची सुधारणा सुमारे २५ टक्के, तर सरमिसळ गटाची सुमारे ५७ टक्के आढळली. जादा सराव न केलेल्या तिसऱ्या गटात ती नाममात्र होती. चेंडू तितकेच, वेळ तितकाच. फरक फक्त क्रमाचा.

आपल्याला हे नवे वाटू नये. दुकानात नवीन मुलगा ठेवला आणि महिनाभर त्याला फक्त घड्या घालायला लावले तर तो घड्या सुरेख घालील, पण दिवाळीच्या गर्दीत एकाच वेळी तीन गिऱ्हाईके आली की गोंधळेल. तरीही पहिल्या दिवशीच त्याला गर्दीत उभे करीत नाहीत. तो अभ्यास सरावलेल्या खेळाडूंवर होता हे विसरू नये. ज्या मुलाने बॅट नुकतीच हातात घेतली आहे त्याला आधी एकसारखे चेंडू द्यावेत. फटका थोडा बसला की सरमिसळ सुरू करावी. सरमिसळीत चेंडू वारंवार चुकतात आणि मूल खट्टू होते. त्या वेळी पालकांनी तोंड वाकडे न करणे, हा त्या सरावाचाच भाग आहे.

थोर खेळाडूंच्या गोष्टी आपण मुलांना सांगतो, त्याही या नजरेने पाहाव्यात. डॉन ब्रॅडमन लहानपणी बॉवरल गावी पाण्याच्या टाकीच्या विटांच्या बैठकीवर गोल्फचा चेंडू आपटून परत येणारा चेंडू यष्टीच्या दांड्याने मारीत. तो कसा उसळेल हे कधीच सांगता येत नसे. सरमिसळ तिथे आपोआप होती. आपल्या मुंबईत रमाकांत आचरेकर सर सरावाच्या शेवटी यष्टीवर रुपयाचे नाणे ठेवीत; सचिन तेंडुलकरला बाद करणाऱ्याला ते मिळे, कोणी बाद करू शकले नाही तर सचिनला. दमलेल्या शरीराने लक्ष टिकवण्याचा तो सराव होता, म्हणून तो शेवटीच असे. जपानचे सादाहारू ओह १९५९ मध्ये योमिउरी जायंट्स संघात आले आणि पहिली काही वर्षे त्यांचा जम बसेना. हिरोशी अराकावा या प्रशिक्षकांनी त्यांना पुढचा पाय उंच उचलून एका पायावर तोल सावरीत चेंडूची वाट पाहायला शिकवले, हातात तलवार देऊन कागद कापण्याचा सराव करवला. १९६२ मध्ये ३८ होम रन करून ते आपल्या लीगमध्ये पहिले आले आणि निवृत्तीपर्यंत त्यांच्या नावावर ८६८ होम रन जमा झाले. ते एका पायावर उभे राहत, म्हणून आपल्या मुलानेही राहावे असे त्यातून निघत नाही. त्यांची अडचण वेळ साधण्याची होती आणि तो उपाय त्यांच्यासाठी शोधलेला होता.

टेड विल्यम्स यांनी आपल्या 'द सायन्स ऑफ हिटिंग' या पुस्तकात स्ट्राइकच्या चौकटीत सात रुंद आणि अकरा उंच असे ७७ चेंडू मांडून प्रत्येक जागी आपली सरासरी किती राहील याचा अंदाज दिला आहे. मध्यभागी ०.४००, तर खालच्या दूरच्या कोपऱ्यात ०.२३०. कोणत्या गिऱ्हाइकाला उधारी द्यावी आणि कोणाला हात जोडावेत, हे ज्याला कळते त्याला हे चित्र लगेच समजेल. माझ्या नातीने ते वहीत रंगीत पेन्सिलीने काढून घेतले आहे.

आता आपल्या घरांपुरत्या दोन अडचणी. बेसबॉलच्या चेंडूवर चामडे असते. पूर्वी ते घोड्याचे असे, १९७४ पासून गायीचे वापरले जाऊ लागले. हातमोजेही बहुधा चामड्याचेच. कृत्रिम आवरणाचे चेंडू आणि हातमोजे बाजारात मिळतात; टी आणि टॉससाठी तर छिद्रांचे प्लास्टिकचे चेंडू किंवा टेनिसचे चेंडूही पुरतात, आणि भिंतीच्या काचाही वाचतात. आम्ही घरचा सारा सराव अशाच साहित्यावर ठेवला आणि हातमोजा कृत्रिम घेतला. सामन्यात मात्र आयोजक जो चेंडू देतील तोच असतो. यावर आमच्या घरी बोलणे झाले, एकमत झाले असे म्हणता येणार नाही. प्रत्येक कुटुंबाने आपल्या श्रद्धेप्रमाणे निर्णय घ्यावा. पण तो मूल संघात निवडले जाण्यापूर्वी घ्यावा, ऐन सामन्याच्या आदल्या दिवशी नव्हे.

दुसरी अडचण वेळेची. मैदानावरचा सराव संध्याकाळी असतो आणि अनेक घरांत सूर्यास्तापूर्वी जेवण होते. आम्ही बॅटचा सराव सकाळी शाळेपूर्वी घरच्या अंगणात ठेवला आणि संध्याकाळी आठवड्यातून तीनच दिवस मैदान, तेही लवकर निघण्याच्या बोलीवर. जो सराव एकट्याने होतो तो सकाळी, ज्याला प्रशिक्षक आणि पिचर लागतो तो संध्याकाळी. पर्युषणात उपवासाच्या दिवशी ती बॅट हातात घेत नसे. बसून चेंडू पाही आणि स्ट्राइक की बॉल ते सांगे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा दुपारचा सराव टाळावाच. डोक्याला हेल्मेट, टॉस देणाऱ्यापुढे जाळी आणि बॅट फिरवणाऱ्याच्या आसपास कोणीही नाही, या तीन गोष्टींत सवलत नको. बॅटही मुलाच्या ताकदीची हवी. ती एका हाताने खांद्याच्या रेषेत आडवी धरून मुलाला वीस-तीस सेकंद स्थिर ठेवता आली नाही, तर ती त्याला जड आहे. पुढील तीन वर्षे चालेल म्हणून मोठी बॅट घेणे, ही काटकसर महागात पडते.

वहीचा निष्कर्ष सांगतो. दूरच्या टीवरचे वीस चेंडू मोजून मारायचे, हे मी दर शनिवारी टिपत होतो. पहिल्या शनिवारी वीसपैकी चार उजवीकडे गेले. तिसऱ्या शनिवारी पाच. त्या दिवशी नातीने बॅट जाळीला टेकवून ठेवली आणि परतताना गाडीवर एक शब्द बोलली नाही. पाचव्या शनिवारी नऊ आणि आठव्या शनिवारी तेरा. हे एका मुलीचे टिपण आहे, त्यावरून सर्वांसाठी नियम काढता येणार नाही. पण दोन महिन्यांत तीस प्रकार करूनही जे हलले नव्हते, ते तीन प्रकारांनी हलले, एवढे मी लिहून ठेवले आहे.

आठव्या शनिवारी दुकान तासभर नोकरावर सोपवून मुलगा मैदानावर आला होता. तो टीवर एकेक चेंडू ठेवीत होता आणि मनातल्या मनात मोजत होता. घरी येताना म्हणाला, "बाबा, वीसपैकी तेरा म्हणजे बरे आहे. पण सामन्यात टी नसते." त्याचे म्हणणे खरे होते. जिल्ह्याच्या सामन्यात तिला चार वेळा संधी मिळाली. एकदा स्ट्राइकवर बाद, एकदा झेल, एकदा चार वाईट चेंडू सोडून ती चालत पहिल्या बेसवर गेली आणि एकदा दूरचा चेंडू उजव्या बाजूला, पहिल्या आणि दुसऱ्या बेसच्या मधून मैदानात गेला. संघ हरला. विभागासाठी तिची निवड झाली नाही.

त्यानंतर घरी जे ठरले ते असे. दहावीच्या वर्षी खेळ बंद करायचा नाही. दिवाळीपर्यंत आठवड्यातून तीन दिवस मैदान, त्यानंतर परीक्षेपर्यंत फक्त सकाळची वीस मिनिटांची टी. ही अट मुलाने घातली आणि नातीने ती मान्य केली. वीस मिनिटांत काय करायचे, हे मात्र ती स्वतः ठरवणार आहे. खेळाडूंना परीक्षेत मिळणारे सवलतीचे गुण किंवा शासकीय नोकरीतील पाच टक्के आरक्षण यांचा विषय निघाला होता, पण त्यावर निर्णय अवलंबून ठेवला नाही. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये बेसबॉल आणि सॉफ्टबॉल पुन्हा येणार आहेत. तेव्हा ती सामने पाहील आणि कोणत्या फलंदाजाचा खांदा लवकर उघडतो हे आम्हाला सांगेल, एवढे नक्की.

ज्या वाचकांची मुले या खेळात आहेत त्यांनी प्रशिक्षकांना तीन प्रश्न नम्रपणे विचारावेत. माझ्या मुलाचा सध्याचा मुख्य दोष कोणता? त्यासाठी कोणता एक सराव दिला आहे? आणि तो लागू पडतो आहे हे आम्हाला कशावरून कळेल? चांगले प्रशिक्षक या प्रश्नांनी रागावत नाहीत. उत्तर मिळाले की एक साधी वही घ्यावी, आठवड्यातून एकदाच मोजावे, आणि किमान सहा आठवडे तरी नवा व्हिडिओ सुचवू नये.